बॉल बाहेर मारणारे आप्पा

आप्पा रिप्ले बघत नसत. आमच्या टीव्हीवर गोल झाला आणि तोच गोल पुन्हा संथपणे दाखवायला सुरुवात झाली, की ते मान वळवून खिडकीबाहेरच्या शेवग्याकडे बघत राहायचे. "संपलं काय?" असं विचारायचे, आम्ही हो म्हटलं की मान परत आणायचे. एकदा मी कारण विचारलं. म्हणाले, "झालेलं परत बघून काय करायचं? त्यो त्येच करणार हाय." तोवर पुढचा खेळ सुरू झाला होता.

आप्पा आमचे निपाणीचे घरमालक. ते गेल्याचं मला फोनवर कळलं, तेव्हा मी हुबळीच्या पुढे एका पुलाच्या कामावर होतो आणि वेळेत पोचू शकलो नाही. त्याची रुखरुख आहे. म्हणून जे आठवतंय ते लिहून ठेवतो आहे.

हायवेच्या रुंदीकरणावर मी नवाच इंजिनिअर म्हणून लागलो, तेव्हा माझ्याबरोबर बसू होता. मी खानापूर तालुक्यातला, बसू चिकोडीकडचा. घरी कन्नड बोलणारा, पण राग आला की मराठीत येणारा. आम्ही दोघांनी आप्पांच्या घराची वरची खोली भाड्याने घेतली. खाली आप्पा आणि त्यांच्या पत्नी. त्यांना सगळी गल्ली आक्का म्हणायची, आम्हीही म्हणू लागलो. मुलगी इचलकरंजीला दिलेली. आप्पांनी सगळी उमर एका तंबाखूच्या वखारीत दिवाणजी म्हणून काढली होती. वखारीत पहिल्यांदा पाऊल टाकणारा माणूस शिंकून शिंकून बेजार होतो. आप्पांचं उलटं होतं. त्यांना मोकळ्या हवेत गेलं की शिंका यायच्या. तंबाखू मात्र त्यांनी कधी तोंडात धरली नाही.

बसूला एकच व्यसन होतं, फुटबॉलच्या व्हिडिओ गेमचं. त्या वर्षी गेमची नवी आवृत्ती आली होती आणि जाहिरात अशी की खरा फुटबॉल कुठला आणि हा कुठला हे ओळखू येणार नाही. खेळाडूंच्या मानेवर घाम दिसायचा. पाऊस पडला की जर्सी अंगाला चिकटायची. शेवटी शेवटी पाय जड व्हायचे, सोपा पासही दोन हात बाजूला जायचा. बसू या सगळ्यावर भयंकर चिडून होता. दिवसभर साइटवर उन्हात राबायचं आणि घरी येऊन पुन्हा दमलेली माणसंच पळवायची, यात करमणूक कसली, असं त्याचं म्हणणं. इंटरनेटवर यावरून जगभर धुमश्चक्री चालली होती आणि बसू ती मला मोठ्याने वाचून दाखवायचा. एकाने लिहिलं होतं, माझा खेळाडू वळेपर्यंत माझा चहा पिऊन होतो. दुसऱ्याने त्याला सुनावलं होतं की ज्यांनी आयुष्यात बॉलला पाय लावला नाही त्यांनाच हा गेम संथ वाटतो. तिसरा त्या दोघांच्या खानदानावर घसरला होता.

आप्पा पहिल्यांदा वर आले ते पाण्याची मोटर कुणी चालू ठेवली हे विचारायला. टीव्हीकडे नजर गेली आणि मोटर राहिली बाजूला. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी ते स्वतःची प्लास्टिकची खुर्ची घेऊन यायला लागले. खुर्ची कधी टीव्हीसमोर ठेवत नसत. भिंतीला लागून बाजूला ठेवायचे, मैदानाच्या रेषेबाहेर बसल्यासारखी. मान वाकडी करून बघायचे, पण जागा सोडायचे नाहीत. चहा आणला तर पहिला हाफ संपेपर्यंत पेल्याला हात लावायचा नाही. कोल्हापूरचं फुटबॉलचं वेड हायवेवरून निपाणीपर्यंत कधीच येऊन पोचलं होतं, आणि आप्पा तरुणपणी गावाच्या संघात मधल्या फळीत खेळलेले होते, हे आम्हाला नंतर कळलं.

बसू चिडून चिडून वाचत असलेली ती भांडणं आप्पा वर्तमानपत्र ऐकावं तशी ऐकायचे. "खरं म्हंजे काय पायजे त्यास्नी?" असं एकदा त्यांनी विचारलं. बसू म्हणाला, काहींना घाम पाहिजे, काहींना नको. आप्पांनी त्यावर विचार केला आणि म्हणाले, "घामाचं काय, घाम बैलाला बी येतोय."

मग ती संध्याकाळ आली. बसू कुणा परदेशातल्या माणसाशी ऑनलाइन खेळत होता. समोरचा एक खेळाडू गुडघा धरून खाली पडला. गेमने तेही हुबेहूब केलं होतं. तो पोरगा गवतावर कण्हत होता, तोंड वेडंवाकडं झालं होतं. बसूने त्याच्या बाजूने बॉल काढला आणि गोल मारला. आप्पा खुर्चीवरून उठले.

"त्यो पडलाय न्हवं?"

"पडू दे की आप्पा. पंचानं शिट्टी मारली न्हाय."

"पंचाचं सोड. तुला दिसला न्हाय का त्यो? बॉल भाईर मारायचा. मग त्येंनी थ्रो घिऊन तुला परत द्यायचा." आणि मग जवळ येऊन बसूच्या हातातल्या कंट्रोलरकडे बघत विचारलं, "परत द्यायचं बटण कुठलं ह्यात?"

"तसलं बटण न्हाय. साधा पास मारायचा, झालं."

"मग ते मानसाच्या मनावर हाय म्हन की," आप्पा म्हणाले आणि खाली बसले. जाताना उद्या मी खेळतो, असं सांगून गेले.

ते खेळले. बोटं जाड, डोळ्याला चष्मा, कंट्रोलर दोन्ही हातात देवाचं ताम्हण धरावं तसा धरलेला. त्यांना दोनच गोष्टी जमल्या, पास देणं आणि बॉल बाहेर मारणं. समोरच्याचा खेळाडू दुखावून पडला की आप्पा बॉल रेषेबाहेर मारायचे, कंट्रोलर मांडीवर ठेवायचे आणि हात काढून घ्यायचे. थांबायचे. समोरचा थ्रो घ्यायचा, थेट पळत सुटायचा आणि गोल करायचा. कधी कधी समोरून हसणाऱ्या तोंडांची चित्रं यायची. आप्पा म्हणायचे, "व्हय, हास बाबा." आणि पुन्हा कंट्रोलर उचलायचे. आप्पांना सगळे परक्यांशीच सामने पाहिजे असत. मशीनबरोबर खेळायला त्यांनी सरळ नकार दिला. मशीनकडून बॉल मिळाला काय आणि न मिळाला काय, असं ते म्हणत.

खातं बसूच्या नावाचं होतं. वर्षभर रात्रंदिवस एक करून कमावलेली त्याची क्रमवारी आप्पांनी धुळीला मिळवली. बसू माझ्याजवळ कुरकुरायचा, पण त्यांना नाही म्हणायची त्याची छाती होत नव्हती. म्हातारा वेडा आहे, असं आम्ही आपसात ठरवून टाकलं होतं. आणि खरं सांगायचं तर त्या वेडाचा मला राग यायचा. हरणं कळतं, पण रोज ठरवून, तोंड वर करून हरणं मला बघवत नव्हतं.

मग एका सुट्टीच्या दिवशी आक्का ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या आणि मी मदतीला बसलो. मी सहज म्हटलं, आप्पा असं का करतात?

"त्या कोपऱ्यावरच्या गिरणीतलं तात्या कोण हाईत, ठावं हाय का तुला?" त्यांनी विचारलं.

गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी होती. आक्का तिथे ज्वारीचा डबा घेऊन जायच्या. आप्पा मात्र त्या बाजूने कधी जात नसत, बाजाराला जायचं तर मागच्या बोळाने वळसा घेऊन जायचे. तात्या म्हणजे त्यांचे सख्खे धाकटे भाऊ, हे मला त्या दिवशी कळलं. दोघे वर्षानुवर्षं एकमेकांशी बोललेले नव्हते.

दोघे एकाच संघात होते. आप्पा मधल्या फळीत, तात्या गोलकीपर. गावात स्पर्धेची फायनल होती आणि बेळगावच्या एका मोठ्या संघाची माणसं खास तात्यांना बघायला आली होती. त्या संघात घेतलं की नोकरी पक्की. दोन्हीकडे गोल नव्हता, खेळ संपत आला होता. समोरच्या संघातलं एक पोरगं गुडघा धरून पडलं, आणि बॉल आप्पांच्या पायात. पलटणीतून सुट्टीवर आलेल्या एका सुभेदाराने या पोरांना खेळ शिकवला होता आणि त्याची शिकवण एकच, माणूस पडला की बॉल बाहेर. आप्पांनी बॉल बाहेर मारला. मागे वळून धाकट्याला ओरडून सांगितलं, देतील आता परत, तू पाणी पिऊन घे. तात्या गोल सोडून खांबामागच्या घागरीकडे गेले. समोरच्यांनी थ्रो घेतला आणि मोकळ्या गोलात बॉल घातला. नियमाने तो गोलच होता.

"बेळगावची मानसं बक्षीस वाटायच्या आदीच गेली उठून," आक्का म्हणाल्या. "गावानं ह्यांना कर्ण म्हनाय सुरवात केली. पन ह्यांचं काय न्हाय. तात्यांचं लई हाल केलं. कुठं दिसलं की कोनतरी इचारायचं, पानी पायजे का वं? मंग येक दिस दारात हुबं ऱ्हाऊन तात्या म्हनालं, तुज्या सांगन्यावरनं म्या गोल सोडला. त्ये शेवटचं बोलनं."

"मग आप्पा काय म्हणाले?"

"काय म्हनत्यात? खरंच हुतं ते." त्यांनी सुपातली टरफलं पाखडली. "ह्येंला वाटतंय, एकदा तरी कुनी परक्या मानसानं बॉल परत दिल्याला दिसावा. मंग भावाकडं जायचं. म्या तुला फशिवलं न्हवतं, जगात असं करनारी मानसं हाईत, एवढं सांगायचं हाय बग."

डबा गिरणीतून परत यायचा तेव्हा पीठ नेहमी इतरांपेक्षा बारीक असायचं. आप्पांचे दात गेले होते, जाड भाकरी चावत नव्हती. हे तात्यांना कुणी सांगितलं होतं, असं मी आक्कांना विचारलं. कुणीच नाही, त्या म्हणाल्या.

हे बसूला सांगितल्यावर त्याची कुरकुर कायमची बंद झाली. त्यानेच पुढची युक्ती काढली. पुण्यात त्याचा मावसभाऊ होता, तोही हाच गेम खेळणारा. परका म्हणून त्याच्याशी सामना लावून द्यायचा, आणि आप्पांनी बॉल बाहेर मारला की त्याने परत द्यायचा. मला ते तेव्हा फार चांगलं वाटलं. अडचण एकच होती की कुणी दुखावून पडणं आपल्या हातात नव्हतं. गेमला खरेपणाचा सोस, त्यामुळे पाहिजे तेव्हा कुणी पडत नव्हतं. कितीतरी संध्याकाळी तो मावसभाऊ बिचारा कंटाळत आप्पांशी खेळत राहिला. आपल्याच माणसांना आप्पांच्या माणसांवर आदळत राहिला, तर आप्पा म्हणायचे, ह्या मानसाला कुनी खेळ शिकवला न्हाय.

शेवटी एकदाचा त्याचा खेळाडू पडला. आप्पांनी बॉल बाहेर मारला आणि कंट्रोलर मांडीवर ठेवला. समोरून थ्रो झाला. ज्याच्याकडे बॉल गेला त्याने मागेपुढे न बघता सरळ आप्पांच्या गोलकीपरकडे पास दिला. गोलकीपरने बॉल छातीशी धरला. बसूने माझा दंड धरला होता.

आप्पांनी टीव्हीकडे बघितलं, मग आमच्याकडे.

"ह्यो कोन हाय?"

"ब्राझीलचा हाय आप्पा," बसू म्हणाला.

"न्हाय. ह्यो घरातला हाय." त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच मला जास्त वाईट वाटलं. "परका आसता तर आडला आसता. गोल दिसतोय समोर, ह्यो म्हातारा का थांबलाय, द्यावा का न द्यावा, एवढं मनात आलं आसतं. ह्येच्या मनात कायच आलं न्हाय. त्येला आदीच म्हाईत हुतं."

आम्ही दोघे खाली मान घालून बसलो. बसू काहीतरी बोलायला गेला, तर त्यांनी हाताने थांबवलं.

"माज्यासाटनं केलासा, ते कळतंय मला. पन मी धाकट्याला जाऊन काय सांगू? शिकवून ठेवल्याल्या मानसानं बॉल दिला म्हनून?"

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले आणि पुन्हा परक्यांशी खेळायला लागले. गेमची तोवर दुरुस्ती आली होती. लोकांच्या ओरड्याला वैतागून कंपनीने खेळाडू पुन्हा चपळ केले होते, दम कमी लागत होता, दुखापतीही कमी केल्या होत्या. इंटरनेटवर निम्मे लोक खूश, निम्मे शिव्या देणारे. बसू एके काळी खूश झाला असता, आता तोच चिडला होता. आप्पांना समोरचा पडायची वाट बघत अख्ख्या संध्याकाळी काढाव्या लागायच्या. मला त्यांची दया यायची आणि दया यायची म्हणून स्वतःची लाजही वाटायची, कारण ते स्वतः दया करण्यासारखे अजिबात दिसत नव्हते. ताठ बसलेले असायचे.

हे बाहेर कसं गेलं कोण जाणे. बसूने कुणाला तरी सांगितलं असेल, किंवा मीच चहाच्या गाड्यावर बोललो असेन. गावात पुन्हा सुरू झालं की कर्ण म्हातारपणी पोरांचा खेळ खेळतोय आणि तिथेही बॉल बाहेर मारतोय. बाजाराच्या दिवशी गिरणीत गर्दी असते. तिथे कुणीतरी ही गंमत तात्यांना सांगितली. भावाची नालस्ती ऐकून हा माणूस खूश होईल, अशा हिशेबाने सांगितली असणार.

त्या संध्याकाळी जिन्यावर पावलं वाजली. आधी आक्का दिसल्या, बाजूला झालेल्या. त्यांच्या मागे तात्या. गिरणी तशीच टाकून आले होते. भुवयांवर, पापण्यांवर, कोपरापर्यंत हातावर पीठ. आप्पा खेळत होते, त्यांची दाराकडे पाठ होती. मी उठायला लागलो, तर तात्यांनी बोटाने बस म्हणून खुणावलं आणि दाराच्या चौकटीला हात लावून उभे राहिले.

त्या दिवशी समोरचा खेळाडू पडला. आप्पांनी बॉल बाहेर मारला, हात काढून घेतले आणि थांबले. समोरच्याने थ्रो घेतला. माझ्या आयुष्यात मी काही फार प्रार्थना केलेल्या नाहीत, पण त्या क्षणी त्या कुठल्यातरी देशातल्या अनोळखी माणसाला मी मनातून हात जोडले. तो सरळ पळत गेला आणि गोल मारला.

"आजून तसंच करतोस व्हय?" तात्या म्हणाले.

आप्पांनी वळून बघितलं. "व्हय."

"दिला का कुनी?"

"न्हाय."

तात्या आत आले आणि बसूच्या पलंगाच्या कडेला टेकले. गुडघ्यांवर हात ठेवले, तिथे पिठाचे डाग पडले. "येक जन गिरनीत सांगत हुता. हासत हुता. मला वाटलं, मला बी हासू यील. न्हाय आलं." पुढचं ते भावाकडे न बघता जमिनीकडे बघून बोलले. "तुज्या सांगन्यावरनं गोल सोडला म्हनालतो मी."

"खरंच हाय ते."

"न्हाय. त्वा वरडायच्या आदीच मी निगालतो."

आप्पांनी खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"त्वा बॉल भाईर मारल्याला बगितला आन मी निगालो. त्वा काय वरडलास ते मला ऐकायला बी आलं न्हवतं, मागनं लोकांनी सांगितलं. नोकरी गेली, लोकं हासाय लागली, तवा कुनावर तरी घालाय पायजे हुतं. तुज्यावर घातलं." तात्यांनी मान वर केली. "तुजं ऐकून न्हाय रं सोडला. मला बी वाटलं हुतं, देतील."

आप्पा खुर्चीवरून उठले. उठताना कंट्रोलर खाली पडला, तो कुणी उचलला नाही. ते जाऊन धाकट्याच्या शेजारी पलंगावर बसले. दोघांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि दोघांपैकी कुणीही ते पुसत नव्हतं. बसूने हळूच टीव्ही बंद केला. आम्ही दोघे बाहेर जिन्यात येऊन आक्कांच्या शेजारी उभे राहिलो.

आत आप्पांनी विचारलं की अमका मेला तेव्हा तू गेलतास का स्मशानात, आणि तात्या म्हणाले, गेलतो, तुला लांबनं बगितलं. मग दुसऱ्या कुणाचं निघालं, मग आईच्या शेवटच्या दिवसांचं, मग तात्यांच्या थोरल्या पोराच्या लग्नाचं, जिथे आप्पा गेले नव्हते. एवढ्या वर्षांचं एकमेकांना सांगायचं राहून गेलेलं सगळं ते पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले होते. खालून कुणीतरी गिरणी उघडीच आहे म्हणून हाका मारत होतं. मी उत्तर द्यायला खाली निघालो, तर आक्कांनी माझी बाही धरली.

"आसू दे उगडी," त्या म्हणाल्या. "बोलू दे त्यास्नी."